कणकेचा खाला: चार विटा आणि एक वेणी

चिमूटभर_मीठ (धागाकर्ती)

गेल्या तीन महिन्यांत मी दर दुसऱ्या-तिसऱ्या शुक्रवारी मिळून कणकेचा खाला, म्हणजे ज्यूंचा वेणीचा पाव, करायला जाऊन एकूण चार विटा भाजल्या. त्यातली तिसरी आमच्या बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दोन दिवस अडण होती. अतिशयोक्ती वाटत असेल तर नवऱ्याकडे फोटो आहे, तो येईल-जाईल त्याला दाखवतो.

आम्ही बॉस्टनला खेटून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये राहतो. इथे ज्यू वस्ती जुनी आणि मोठी. खालच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक ज्यू आजी आहेत. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास जिन्यात जो वास दरवळतो तो त्यांच्या खाल्याचा. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, जेवणाचा हा पाव. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळा स्वयंपाक आटपायचा, कारण शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही. टेबलावर दोन खाले ठेवतात, वर भरतकाम केलेलं कापड. दोनच का, तर मिसरातून निघालेल्या लोकांसाठी वाळवंटात रोज आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडायचं आणि शुक्रवारी दुप्पट पडायचं, त्याची आठवण. वरचे तीळ-खसखस म्हणजेही मान्नाचे दाणेच. आणि कापड का? आजींच्या सांगण्यानुसार आधी वाइनवर आशीर्वाद म्हणतात, पावाचा नंबर नंतर, तोपर्यंत त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याचे डोळे झाकायचे. मला हे फार आवडलं. आमच्याकडे पाहुण्यांसमोर मुलांची तुलना करताना इतका विचार कोणी केला नव्हता.

मैद्याचा खाला त्यांनी शिकवला आणि तो पहिल्याच झटक्यात जमला. मग सासरे सहा महिन्यांसाठी आले. त्यांना मैदा वर्ज्य. म्हटलं, त्यात काय, कणकेचा करू. तिथून विटांचं सत्र सुरू झालं.

चौथी वीट घेऊन आजींकडे गेले. त्यांनी ती टेबलावर ठोकली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, आता माझ्यासमोर मळ. मी मळायला घेतलं. पीठ हाताला चिकटलं, मी सवयीनं मूठभर कोरडं पीठ भुरभुरवलं. परत चिकटलं, परत मूठभर. त्यांनी माझं मनगटच धरलं. पंचवीस वर्षं चपात्या केलेल्या हाताला चिकटणारी कणीक बघवतच नाही हो! चपातीची कणीक घट्टसर, गुळगुळीत, परातीला न चिकटणारी झाली की आपला जीव शांत होतो. इथे नेमकं उलट. कोंडा पाणी हळूहळू पितो. मळताना जी कणीक चिकट वाटते ती अर्ध्या तासानं आपोआप शहाणी होते, आणि मळतानाच जी शहाणी वाटते ती भट्टीत जाईपर्यंत दगड होते.

दुसरी गोष्ट कोंड्याचीच. त्याचे कण धारदार असतात, ग्लुटेनचे (पिठातल्या चिवट प्रथिनाचे) धागे ताणले जात असताना ते कापतात. म्हणून आधी भिजवून मऊ करायचे.

आता प्रमाण. दोन मध्यम खाले होतात.

व्हाइट होल व्हीट पीठ ५०० ग्रॅम
कोमट पाणी १८० ग्रॅम (आणि वर एक चमचा यीस्टसाठी)
संत्र्याचा रस ६० ग्रॅम
अंडी २
मध ६० ग्रॅम
तेल ६० ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम
मीठ ९ ग्रॅम
वरून लावायला आणखी एक अंडं, तीळ किंवा खसखस

व्हाइट होल व्हीट म्हणजे मैदा नाही. पांढऱ्या गव्हाचं अख्खं पीठ, कोंड्यासकट. इथलं नेहमीचं होल व्हीट लाल गव्हाचं असतं, त्यात टॅनिन जास्त, ते जिभेवर किंचित कडवट लागतं. संत्र्याचा रस त्यासाठीच. संत्र्याची चव लागत नाही, पण कडवटपणा दबतो.

पाणी, रस, अंडी, मध आणि पीठ एकत्र कालवून अर्धा तास झाकून ठेवा. मळू नका. मग यीस्ट चमचाभर पाण्यात कालवून, मीठ आणि तेल घालून बारा मिनिटं मळा. घड्याळ लावा, कारण हात पाचव्या मिनिटाला झालं म्हणतो. चिकटलं तर तळव्याला तेल लावा, कोरड्या पिठाचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून या. (मी खरंच ठेवते.)

चोवीस अंशांच्या खोलीत सव्वा ते दीड तास फुगू द्या. मैद्यासारखं दुप्पट व्हायची वाट बघू नका, पावणेदोनपट झालं की पुरे. कोंड्यात यीस्टला खायला भरपूर असतं, कणकेचं पीठ लवकर फुगतं आणि लवकर थकतं.

मग दोन भाग, प्रत्येकाचे तीन गोळे, साधारण १६० ग्रॅमचे. मध्ये जाड, टोकांना निमुळते असे एक-दीड वीत पेड वळा. आक्रसत असतील तर भांडू नका, दहा मिनिटं झाकून सोडा. तिपेडी वेणी मधून सुरू करून दोन्हीकडे घाला, टोकं खाली दुमडा. वेणी सैल हवी. शाळेत आई घालायची तशी डोळे ताणणारी घातलीत तर फुगताना फाटते. फेटलेलं अंडं एकदा लगेच लावा आणि एकदा भाजायच्या आधी, तीळ दुसऱ्या हाताच्या वेळी. मधला वेळ पाऊण तास. बोट हलकेच दाबून बघायचं, खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला की भट्टीत.

१७५ अंश सेल्सिअसला ३०-३२ मिनिटं. मधामुळे रंग भराभर चढतो, वीस मिनिटांनी वरून फॉइल टाका. थर्मामीटर असेल तर आत ८८ ते ९० अंश. आणि तासभर कापू नका.

पाचव्या वेळी वीट झाली नाही. सासऱ्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "पाव बरा आहे, पण याला केसांसारखं का केलंय?"

तीळगूळ_बारामाही

तोंडाला पाणी सुटलं! वाचनखूण साठवली. फोटो कुठाय? विटेचा नको, वेणीचा.

गिरणीकाठ

ताई, फार छान लिहिलंयस. मी पुण्यात. इथे ते व्हाइट होल व्हीट कुठून आणू? घरात गिरणीतून दळून आणलेलं लोकवन आहे. चालेल का? खपलीही आहे थोडी.

चिमूटभर_मीठ

खपली नको गं, तिच्यातलं ग्लुटेन नाजूक असतं. पुरणपोळीला सोनं, पण वेणीचा पेड तोलून धरायला नाही. लोकवनाचं मी केलेलं नाही. पाणी जास्त लागेल इतकं नक्की. करून बघ आणि सांग.

कडू_कारलं

अर्धा तास भिजवा, बारा मिनिटं मळा, दीड तास फुगवा, वेण्या घाला, पाऊण तास बसा, अर्धा तास भाजा, तासभर बघत बसा. एवढ्या वेळात माणूस चाळीस चपात्या लाटून, खाऊन, झोपून उठतो. हलकेच घ्या.

चिमूटभर_मीठ

@कडू_कारलं, हाताला लागतं ते पंचवीस मिनिटांचं काम. बाकी वेळ कणीक काम करते, मी करत नाही. चाळीस चपात्यांत असं होतं का?

शाकाहारी_मांजर

अंड्याशिवाय? (हा प्रश्न येणारच होता, मीच विचारून टाकते.)

चिमूटभर_मीठ

होतो की. अंड्याशिवायचा खाला हा काही आपला जुगाड नव्हे, बऱ्याच ज्यू घरांत पाण्याचा खालाच करतात, कमी गोड आणि जरा चिवट. दोन अंड्यांच्या जागी ७५ ग्रॅम पाणी आणि एक चमचा जास्त तेल घाल. वरून चकाकी हवी तर भट्टीतून काढल्या काढल्या मध आणि कोमट पाणी समप्रमाणात कालवून ब्रशनं लाव. तीळ मात्र आधी, नुसत्या पाण्याच्या हातावर चिकटव.

तीळगूळ_बारामाही

दूध-लोणी का नाही घातलं? लोण्यानं तर किती मऊ होईल.

चिमूटभर_मीठ

शब्बाथच्या जेवणात बहुधा मांस असतं, आणि मांस आणि दुधाचं काही एकत्र खायचं नाही हा त्यांचा नियम. म्हणून पावात दूध-लोणी नाही. आपल्या घरी घातलंस तर तुला कोण अडवणार, पण मग तो गोड ब्रेड झाला. आजींचं आणखी एक बघून ठेवलंय: प्रत्येक अंडं आधी काचेच्या पेल्यात फोडतात, उजेडाला धरून बघतात. रक्ताचा ठिपका दिसला की ते अंडं टाकून देतात. मीही आता तसंच करते. धर्म वगैरे नाही, पण नासकं अंडं अख्ख्या कणकेत जाण्याआधी कळतं.

गिरणीकाठ

कालचा अहवाल. लोकवन ५०० ग्रॅम, बाकी तुझ्या प्रमाणानं, पाणी ४० ग्रॅम वाढवलं कारण कालवतानाच कोरडं वाटत होतं. भिजवलं, मळलं, छान झालं होतं. स्वयंपाकघरात ३४ अंश होते. भाजी निवडून आले, सव्वा तासानं बघते तर पातेल्याच्या काठापर्यंत! हात लावला तर खळीसारखं. तरी वेणी घातली. ओटीजीत गेली तेव्हा वेणी होती. बाहेर आली ती भरपेट जेवून उन्हात पसरलेली मगर. पेडांच्या जागी नुसत्या रेघा. चव आंबूस. मुलानं तिला डोळे काढले केचपनं.

रडू का हसू कळेना.

अर्धवट_अभियंता

मगर प्रकरणाचं शवविच्छेदन करायची परवानगी असावी.

आपली गिरणी म्हणजे दगडी जातं. त्यात गहू दाबला आणि घासला जातो, पीठ तापतं, स्टार्चचे बरेच कण फुटतात. फुटलेला स्टार्च पाणी भरपूर पितो. चपातीला हे वरदान. लाटता येणारी मऊ कणीक, तव्यावर टम्म फुगणारी, सकाळची संध्याकाळपर्यंत मऊ, याचं पुष्कळसं श्रेय त्या फुटलेल्या स्टार्चला. पण यीस्ट घालून तास-दीड तास ठेवलं की पिठातली विकरं (एन्झाइम) त्याच स्टार्चवर तुटून पडतात, त्याची साखर करतात, आणि त्यानं धरून ठेवलेलं पाणी सुटतं. म्हणून मळताना छान असलेली कणीक नंतर खळ झाली. वर ३४ अंश. तुम्ही भाजी निवडत होतात तेव्हा यीस्टची जत्रा चालू होती.

उपाय, माझ्या क्रमानं. पहिला, वेळ. या उकाड्यात ४०-४५ मिनिटांवर नजर ठेवा, घड्याळापेक्षा पातेल्यावर. त्याहून बरं, मळून थेट फ्रिजमध्ये रात्रभर. दुसरा, ३०० ग्रॅम कणीक आणि २०० ग्रॅम मैदा. धागाकर्तीला हे भेसळ वाटेल, पण पहिल्या वेळी वेणी उभी राहिलेली दिसली तरच माणूस दुसऱ्यांदा करतो. मैदा नकोच असेल तर बेकिंगचं सामान मिळतं तिथे कोरडं ग्लुटेन मिळतं, ५०० ग्रॅमला १५-२० ग्रॅम. तिसरा, आधी वाढवलेलं ४० ग्रॅम पाणी निम्मं करा. धागाकर्तीचा 'चिकट राहू द्या' हा नियम तिच्या पिठासाठी बरोबर आहे, आपल्या गिरणीच्या पिठाला तो जसाच्या तसा लावू नका.

मीठ मोजून घातलंत ना? अंदाजानं घालू नका. मीठ यीस्टला लगाम घालतं आणि ग्लुटेन आवळतं.

गिरणीकाठ

मीठ अंदाजानं. 🙈

कडू_कारलं

मगरीला 'खाला' म्हणावं की 'खाल्ला'?

पोदेराचो_पूत

गोंयांतल्यान नमस्कार. आमच्याकडे कोंड्याचा पाव म्हणजे पोई. बाहेरून कोंडा लावलेली, आतून पोकळ. पूर्वी पोदेर, म्हणजे आमचे पाववाले, यीस्ट नाही, माडाची सूर (माडी) घालून आंबवायचे, तिला जी चव असायची ती आता क्वचित मिळते. सकाळी सायकलचा भोंपू वाजला की मी अजून पिशवी घेऊन धावतो. सांगायचं ते हे की कणकेचा पाव हलका होऊच शकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गरम पोई फोडून बघावी. पोकळ होते कारण भट्टी तापलेली असते, खालचा दगड तर विचारूच नका. खाल्याला एवढी आंच चालणार नाही, मध जळेल. पण ओटीजी पंधरा मिनिटं आधी तापवतात आणि दिवा विझला की ट्रे आत ढकलतात, तिथे चूक होते. अर्धा तास तरी तापवा.

साखरसम्राज्ञी

वाईटपणा घेऊन लिहितेय. सासऱ्यांना मधुमेह असेल तर 'मैदा नाही' एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. यात ६० ग्रॅम मध आहे आणि अख्ख्या गव्हाचं पीठ झालं तरी ते पीठच. माझ्या घरी दोन मधुमेही आहेत, 'ब्राऊन आहे ना' म्हणून चार तुकडे रिचवतात आणि मग मीटर बघून चेहरे पाडतात.

चिमूटभर_मीठ

अगदी मान्य. त्यांना एकच तुकडा, तोही जेवणातल्या एका चपातीच्या बदल्यात. पहिल्या दिवशीचे दोन तुकडे वशिल्याचे होते.

अश्दोदकर

नमस्कार मंडळी. धागा मला मुंबईच्या बहिणीनं पाठवला. नावावरून ओळखलं असेल, मी इस्राएलात अश्दोदला असतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळ गाव कोकणातलं, म्हणून आमची आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत. मी 'कर' लावायची सवय इथेही सोडली नाही.

तुम्हाला गंमत वाटेल, पण मी वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत खाला हा शब्द ऐकलेला नव्हता. वेणीचा पाव ही युरोपातल्या ज्यूंची रीत. आमच्या आजीकडे शब्बाथला ताटात दोन चपात्या, वर पांढरं फडकं. वाइन कुठली, मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून काढलेलं सरबत, त्यावरच किद्दुश, म्हणजे तो वाइनवरचा आशीर्वाद. आणि त्या चपातीवरच हामोत्सी (पावाचा आशीर्वाद) म्हणून, तुकडा मोडून, मिठाला लावून सगळ्यांना. इथे शाळेत पहिल्यांदा वेणीचा पाव पाहिला तेव्हा घरी येऊन आईला सांगितलं की इथले लोक केसांचा अंबाडा खातात. तुमच्या सासऱ्यांशी माझं चांगलं जमेल.

दुधाचा प्रश्न कोणीतरी विचारलाय. आमच्या बायकांनी त्यावर शेकडो वर्षांपूर्वी तोड काढली होती: मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात चिकाचा हलवा करायचा. जेवणात मटण असलं तरी गोडाला अडचण नाही. माझी बायको आजही करते, दोन दिवस हात दुखतो म्हणते. याच सणाला इथे खाला वेणीचा न करता गोल, गुंडाळी करून करतात, आत मनुका, आणि मिठाऐवजी मधात बुडवून खातात.

आता नावाचं. खाला हे खरं तर पावाचं नाव नव्हेच. मोठी कणीक मळली की त्यातला एक गोळा काढून बाजूला ठेवायचा, पूर्वी तो जेरुसलेमच्या मंदिरातल्या पुरोहिताला जायचा. त्या काढलेल्या गोळ्याचं नाव खाला. मंदिर राहिलं नाही, म्हणून आता तो लिंबाएवढा किंवा त्याहून लहान गोळा फॉइलमध्ये गुंडाळून जाळून टाकतात. ज्याला कोणी तोंड लावत नाही त्या गोळ्याचं नाव खाणाऱ्या पावाला मिळालं. तुम्ही ५०० ग्रॅमचे करता, तुम्हाला ते लागू नाही. साधारण सव्वा किलोच्या वर पीठ असेल तर गोळा काढतात, आणि १.६६ किलोच्या वर असेल तर आशीर्वाद म्हणून काढतात. बायको म्हणून महिन्यातून एकदा दोन किलोचं मळते, शेजारणी जमतात, उरलेल्या वेण्या फ्रीझरमध्ये.

उच्चार 'ख' आणि 'ह' यांच्या मधला, घसा खाकरल्यासारखा. आणि हिब्रूत ती बाई आहे. ती खाला. पण तुम्ही 'तो' लिहिता तेही कानाला गोड लागतं, बदलू नका.

संत्र्याच्या रसाबद्दल एक बारीक टीप. सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंची) रीत पाळणाऱ्यांत पावाच्या कणकेत गोडवा किंवा रसाची चव स्पष्ट लागली तर तो पाव न राहता केकच्या जातीत जातो, आशीर्वादही वेगळा म्हणावा लागतो. आमच्याकडे हीच रीत आहे, म्हणून बायको रस घालत नाही, मधही चमचा-दोन चमचेच. तुमच्या आजी युरोपीय वळणाच्या असाव्यात, त्यांचा हिशेब वेगळा आणि बराच सैल.

चिमूटभर_मीठ

अश्दोदकर काका, (काका म्हटलेलं चालेल ना?) तुमचा प्रतिसाद आजींना वाचून दाखवला, जमेल तसा इंग्रजीत. चपातीवर हामोत्सी म्हणतात हे ऐकून त्या थोडा वेळ गप्पच बसल्या. मग विचारलं, ती चपाती कशी करतात. आता पुढच्या बुधवारी मी त्यांना चपाती शिकवायची आहे. त्यांचे आई-वडील पोलंडहून आलेले, म्हणजे तुमचा अंदाज बरोबर.

अश्दोदकर

काका चालेल, आजोबाही चालेल. त्यांना सांगा, पहिल्या दहा नकाशे होतात.

पावकिलो_लोणी

खूप उशिरा आले धाग्यावर. कणकेचा पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो त्यावर माझा उपाय: उकड. मोदकाचीच कल्पना. एकूण पिठातली २५ ग्रॅम कणीक १२५ ग्रॅम पाण्यात (हेही एकूण पाण्यातलंच, वेगळं नाही) गुठळी न होता ढवळायची, मंद आचेवर पळीला चिकटेल इतकी घट्ट करायची, गार करून कणकेत मिसळायची. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो. माझी वेणी तिसऱ्या दिवशीही दाबली तर परत वर येते. फक्त उकड पूर्ण गार झाली पाहिजे. एकदा घाईत गरम घातली आणि यीस्टच मारलं, तो माझा विटेचा फोटो कधीतरी टाकेन.

अर्धवट_अभियंता

इथे एक सूक्ष्म विनोद आहे. जात्यात फुटलेला स्टार्च पाणी धरतो आणि नंतर सोडतो, म्हणून मगर. उकडीतला शिजलेला स्टार्चही पाणी धरतो, म्हणून मऊपणा. विकरं तीच. मग एक खलनायक आणि एक नायक कसा? उकडीत फक्त ५ टक्के पीठ गेलंय, तेवढ्यानं कणकेचा कणा मोडत नाही. सगळीच कणीक तशी असली की मोडतो. म्हणून लोकवनवाल्यांनी उकडीच्या वाटेला सावधपणे जावं.

कडू_कारलं

चपात्या लाटून, खाऊन, झोपून उठलो. अजून स्टार्चच चालू आहे.

गिरणीकाठ

धागा वर काढतेय. दुसरा प्रयत्न!

३०० लोकवन, २०० मैदा, पाणी २०० ग्रॅम, मीठ काट्यावर मोजून ९ ग्रॅम. गुरुवारी रात्री साडेनऊला मळून तेल लावलेल्या डब्यात, थेट फ्रिजमध्ये. सकाळी साडेसहाला काढलं, डबा झाकणापर्यंत भरलेला पण कणीक ताठ. गार असतानाच पेड वळले, आणि काय सांगू, सुतासारखे वळले! तूप लावलेल्या शेवयांसारखे. वेणी घालताना हाताला चिकटलं नाही की फाटलं नाही. बाहेर मात्र सव्वा तास लागला फुगायला, गार होतं ना. ओटीजी अर्धा तास तापवला (पोदेरबाब, देव बरें करूं). खालून करपू नये म्हणून दोन ट्रे एकावर एक ठेवले.

एक वेणी सरळ आली. दुसरीला कुशीत एक मोठी भेग, बहुतेक मी घट्ट घातली. पण पेड दिसतात! मोजता येतात! कापल्यावर आत धागे सुटतात तसे पदर सुटले. मुलानं विचारलं, मगर कुठे गेली.

आता हावरटपणा. पुढच्या वेळी सहा पेडांची घालायची आहे. चार व्हिडिओ पाहिले, प्रत्येकात बाईचे हात इतक्या वेगानं फिरतात की मला शेवटी माझेच हात कुठले ते कळेना.

चिमूटभर_मीठ

वा वा वा! भेगेचं मनावर घेऊ नकोस, भेगेतून बटाट्याची भाजी आत जाते.

सहा पेडांचं आजींचं गाणं: सगळे पेड एका टोकाला चिकटव, टोक वर, पेड तुझ्याकडे. सगळ्यात उजवीकडचा पेड उचल. दोनांच्या वरून, एकाच्या खालून, दोनांच्या वरून. तो डावीकडे पोचला की त्याला विसरून जा. आता जो सगळ्यात उजवीकडे आहे तो उचल. दोन वर, एक खाली, दोन वर. संपेपर्यंत. मोबाइल बंद ठेव आणि मध्ये दाराची बेल वाजली तर उघडू नकोस.

आधी चार पेडांचा सराव करायचा असेल तर एक वर, एक खाली, एक वर.

गिरणीकाठ

दोन वर, एक खाली, दोन वर. नाडीचे तुकडे घेऊन बसलेय. मी डावखुरी आहे, उजवीकडूनच सुरू करायला हवं का?

अश्दोदकर

माझी बायकोही डावखुरी. ती डावीकडून करते. फक्त एकदा धरलेली बाजू मध्येच बदलू नका.

गिरणीकाठ

बदलली. सोडवतेय.